सगळ्यांच्या भल्याची झळ कुणी सोसायची?

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. उजनी धरण जिल्ह्यातच असूनही शहराच्या बऱ्याच भागांत चार-पाच दिवसांनी पाळी येते, आणि पाणी सुटलं की गल्लीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोटर कुणी लावली? नळाला थेट मोटर जोडली की त्या घरची टाकी भरते आणि पुढच्या घरांतली धार करंगळीएवढी होते. मग पुढचाही मोटर आणतो. बघता बघता घरटी मोटर होते, विजेचं बिल सगळ्यांचं वाढतं, पाणी मात्र तेवढंच राहतं आणि गल्लीच्या टोकाचं घर कायमचं कोरडं. मोटर लावणारा काही वाईट माणूस नसतो. त्याच्याही घरात लहान पोरं असतात, अंथरुणाला खिळलेली आई असते. त्याला टोकलं तर तो म्हणतो, "मी एकट्यानं काढून काय उपयोग? बाकीचे काढणार आहेत का?"

कोरोनाच्या काळात आपण मास्कवरून, लशीवरून, बंद दुकानांवरून आणि वारीवरून जे वाद घातले, त्यातल्या बऱ्याच वादांच्या मुळाशी हाच सवाल होता. नीतिशास्त्रात हा समाईक हिताचा प्रश्न. नाव जड वाटलं तरी विषय आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. फक्त त्याच्याभोवती एवढी भाषणं झाली आहेत की मूळ मुद्दा सापडेनासा झालाय.

सगळ्यांच्या फायद्यांची बेरीज केली की समाईक हित निघतं, असं पुष्कळांना वाटतं. बेरजेत एक मोठी खोट असते. हजार लोकांची थोडी थोडी सोय झाली आणि एकाचं घर बसलं, तरी बेरीज फायद्याचीच येते. बसलेलं घर त्या आकड्यात दिसतच नाही. बहुमताचंही तसंच आहे. शंभरातल्या ऐंशींना जे सोयीचं, ते उरलेल्या वीसांच्याही हिताचं असेलच असं नाही. समाईक हित वेगळं असतं. त्याची वाटणी होत नाही. ते असलं तर सगळ्यांना असतं, नसलं तर कुणालाच नसतं. पैसेवाल्याला चांगल्या दवाखान्यातली खोली विकत घेता येते, पण साथ नसलेलं शहर विकत घेता येत नाही. त्याची मोलकरीण, त्याचा ड्रायव्हर, त्याच्या कारखान्यातला कामगार सुरक्षित असेल तरच तोही सुरक्षित. ही नुसती माणुसकीची भाषा नाही, यामागे साधं गणित आहे.

समजा एक आजारी माणूस सरासरी तिघांना आजार देतो. त्या तिघांपैकी दोघांना आधीच प्रतिकारशक्ती असेल, तर एकालाच लागण होईल. त्या एकाकडून पुढच्या एकाला. साथ फुगत नाही, रेंगाळते. आणि प्रतिकारशक्ती असलेले आणखी थोडे वाढले की विझते. म्हणजे एकाचे तीन होत असतील तर दोन तृतीयांशांहून जास्त लोक सुरक्षित हवेत. गोवर याहून कितीतरी चिवट. एकाकडून बारा ते अठरा जणांपर्यंत जातो, म्हणून त्याच्या लशीसाठी ९५ टक्क्यांचं उद्दिष्ट धरतात. उरलेल्या पाच टक्क्यांत कोण असतं? लस घेण्याच्या वयाची झालेली नसतात ती तान्ही बाळं, कॅन्सरचे उपचार चालू असलेले पेशंट. त्यांच्याभोवती बाकीच्यांनी कडं करायचं असतं.

आता या पाच टक्क्यांत एखादा धडधाकट माणूसही गुपचूप घुसतो. बाकीच्यांनी घेतलीये ना लस, मग मी कशाला दंडाला टोचून घेऊ? अर्थशास्त्रात याला फ्री रायडर म्हणतात, आपण सरळ फुकट्या म्हणतो. एक फुकट्या खपून जातो. सगळ्यांनीच तसा हिशेब केला की कडं तुटतं.

इथे कोरोनाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोवराचा हा हिशेब कोरोनाच्या लशीला जसाच्या तसा लागू झाला नाही. लशीनं गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात टळले, पण लागण पूर्ण थांबली नाही, आणि काही महिन्यांनी संरक्षण ओसरत गेलं. म्हणून 'दुसऱ्यासाठी लस घ्या' हा युक्तिवाद गोवराच्या बाबतीत जितका भक्कम, तितका कोरोनाच्या बाबतीत नव्हता. 'स्वतःसाठी घ्या, आणि दवाखान्यातला बेड दुसऱ्याला मोकळा राहावा म्हणून घ्या', हा मात्र होता. हे तेव्हा असं उघड सांगितलं असतं तर लोकांचा विश्वास कमी झाला नसता, वाढला असता, असं माझं मत आहे.

बरं, मग सक्ती करायची की नाही? 'माझं शरीर, माझा धोका, मी बघून घेईन' हे म्हणणं मधुमेही माणसानं जिलबी खाताना ठीक आहे. त्याची साखर शेजाऱ्याला लागत नाही. संसर्गजन्य रोगात धोका अंगाबाहेर पडतो. दुसऱ्याला इजा होत असेल तरच व्यक्तीच्या स्वातंत्र्यात हात घालावा, असं जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतानं १८५९ मध्ये मांडलं. ती कसोटी लावली तरी साथीत काही बंधनं रास्त ठरतात. पण म्हणून कुठलंही बंधन रास्त ठरत नाही. त्या बंधनानं साथ खरोखर रोखली जाते का, त्याहून सौम्य उपायानं काम भागेल का, आणि ते कधी उठणार हे आधी सांगितलंय का, एवढं तरी विचारावंच लागतं. रिकाम्या रस्त्यावर एकट्या सायकलवाल्याला मास्क नाही म्हणून दंड करणं पहिल्याच प्रश्नावर नापास होतं.

या तिन्ही प्रश्नांनंतर एक चौथा येतो आणि माझ्या लेखी खरा कस तिथेच लागतो. बंधन सगळ्यांच्या भल्यासाठी आहे ना, मग त्याची झळ कुणाला बसतेय?

सोलापूरच्या पूर्व भागात जाऊन बघा. घराच्या दारात, उजेडाला बसून बाई विड्या वळतेय. मांडीवर सूप, सुपात मापानं कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. पानात चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी गुंडाळी करायची, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. नजर सुपावर नसते, बोटं आपली चालूच. मजुरी हजार विड्यांवर. वळलेला माल कारखान्यात न्यायचा. तिथे तपासणारा जितक्या बाद करेल तितक्या गेल्या. पुढच्या दिवसाची पानं आणि तंबाखू तिथूनच मिळणार. त्याच घरातला माणूस बहुधा यंत्रमागावर, त्याचीही मजुरी कापडाच्या मापावर किंवा नगावर. माग बंद तर पैसे बंद. चादर आणि टॉवेलमुळे शहराचं नाव झालं ते या हिशेबावर.

२५ मार्च २०२० पासून 'घरी राहा' हा आदेश सगळ्यांना सारखाच होता. पगारदार माणसाला घरी राहायला जवळपास काही खर्च आला नाही; उलट त्याचं पेट्रोल वाचलं. विडी वळणाऱ्या बाईला घरी राहण्याची अडचण नव्हतीच, ती घरीच काम करते. पण कारखाना बंद म्हणजे पान नाही, तंबाखू नाही, मजुरी नाही. घरही दहा बाय बाराच्या खोलीचं, त्यात सहा माणसं. दोन हातांचं अंतर ठेवायचं तर दोघांनी भिंतीत शिरायला हवं. आणि 'वारंवार हात धुवा' हे चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीला सांगायचं! सूचना चूक नव्हती. ती पाळायला जे लागतं, ते ज्याच्याकडे आहे त्यालाच ती पाळता येत होती.

आता टेस्टचं बघू. त्या बाईला ताप आलाय, घसा दुखतोय. तिनं तपासणी करून घ्यावी हे समाईक हिताचं आहेच. ती काय हिशेब करते? पॉझिटिव्ह निघाले तर मला उचलून सेंटरला नेतील, घराला सील, गल्लीला पत्रे, चौदा दिवस घरात एक रुपया नाही, वर लोक बोट दाखवणार. बचत गटाचा हप्ता काही थांबत नाही. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची मुभा ऑगस्ट २०२० पर्यंत दिली होती खरी, पण व्याज चालूच होतं. मग ती पॅरासिटामॉल घेते आणि गप्प बसते. आपण लांबून म्हणतो, लोक अडाणी आहेत. यात अडाणीपणा कुठे आहे? आपल्यापैकी कुणीही तिच्या जागी असतं तर हाच हिशेब केला असता.

नीतिशास्त्रात या ठिकाणी परतफेडीचं तत्त्व सांगतात. समाजानं एखाद्याला सगळ्यांसाठी त्याग करायला लावला, तर त्याचा भार उचलायची जबाबदारी समाजावर येते. घरात बस म्हणायचं असेल तर बसलेल्या दिवसांची मजुरी द्यावी. विलगीकरणात ये म्हणायचं असेल तर तिथला संडास स्वच्छ असावा आणि मागे राहिलेल्या पोरांच्या जेवणाची सोय असावी. हे दान म्हणून करायचं नाही. चौदा दिवसांची मजुरी मिळणार असेल तर ती बाई स्वतःहून तपासणीला येते आणि पुढचे तीन रुग्ण टळतात. न्याय आणि साथनियंत्रण ही दोन वेगळी खाती आहेत अशी आपली समजूत असते. साथीत ती एकाच वहीत निघतात.

काहीच केलं गेलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळालं. राज्यानं शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आणली, २०२१ च्या लाटेत मोफत केली. खासगी दवाखान्यांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दरात आणल्या: साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. कागदावर हे पाऊल मोठं होतं. पण धान्यानं चूल पेटते, खोलीचं भाडं भागत नाही. आणि ज्या घराची महिन्याची कमाईच नऊ हजारांच्या आसपास, त्याला दिवसाला नऊ हजार हा दर स्वस्त म्हणून सांगायला तोंड कुठलं?

या सगळ्या बंधनांना कायद्याचा आधार होता तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आणि त्याच्या जोडीला १८९७ च्या साथरोग कायद्याचा. मुंबई इलाख्यात प्लेग पसरला तेव्हा इंग्रजांनी घाईनं केलेला हा दुसरा कायदा अगदी छोटा. सरकारला काय काय करता येईल ते त्यात आहे, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्यांना संरक्षण आहे. सरकारनं लोकांसाठी काय केलंच पाहिजे, याबद्दल मूळ कायद्यात अवाक्षर नाही. त्याच वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या, माणसं आणि सामान बाहेर काढलं गेलं, आणि २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. उपाय वैद्यकीयदृष्ट्या सगळेच चूक होते असं नाही. पण ज्यांच्यासाठी करतोय त्यांनाच गुन्हेगारासारखं वागवलं की लोक रुग्ण लपवतात. सव्वाशे वर्षांनी आपण नियमांची फाईल उघडली त्यात हीही होती.

सोलापूर जिल्ह्यात याच्या नेमकं उलट उदाहरणही घडलं. आषाढी वारी. २०२० मध्ये पालख्या पायी निघाल्या नाहीत. मानाच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीनं पंढरपूरला आल्या आणि १ जुलैची एकादशी रिकाम्या वाळवंटावर झाली. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या लोकांसाठी हे किती जड होतं हे बाहेरच्याला कळणार नाही. तरी बहुतेकांनी ते मान्य केलं, कारण परंपरा मोडली नाही, तिचं रूप बदललं, आणि ते रूप ठरवताना संस्थानांशी, वारकऱ्यांशी बोलणं झालं होतं. आदेश काढणं आणि बोलून ठरवणं यात फरक पडतो तो असा.

पण पुढच्याच वर्षी काय झालं? १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून राज्यभर कडक निर्बंध लागले, आणि १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली. त्याआधी प्रचारसभा, गर्दी, मोठे नेते, सगळं यथासांग. जुलैत पुन्हा वारी बसनंच. ज्या वारकऱ्यांनी तेव्हा 'आम्ही पायीच जाणार' म्हणून हट्ट धरला, त्यांच्याशी मी सहमत नाही. पण 'सभा चालतात मग दिंडी का नाही?' या त्यांच्या सवालाला कुणी सरळ उत्तर दिलं नाही. त्याग मागणाऱ्याला स्वतःसाठी सवलत ठेवता येत नाही. ठेवली तर पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही, आणि मग नियम पाळणारे मूर्ख ठरतात.

दुसऱ्या लाटेत सगळ्यात अवघड प्रश्न आला तो खाटांचा. सोलापूरचं सिव्हिल काही एकट्या शहराचं नाही. अक्कलकोट, मंगळवेढा तर आहेच, पण तुळजापूर-उमरग्याकडून आणि सीमेपलीकडच्या इंडी भागातूनही पेशंट सोलापूरच्या दवाखान्यांत येतात. व्हेंटिलेटर एक आणि गरजू पाच असतील तर कुणाला द्यायचा? जो आधी आला त्याला, हे ऐकायला अगदी निःपक्षपाती वाटतं. पण आधी कोण येतो? ज्याच्या दारात गाडी आहे, ज्याला कुठे खाट रिकामी आहे हे फोनवर कळतं. तांड्यावरचा माणूस तीन दवाखाने फिरून शेवटी येतो. सर्वांत गंभीर असेल त्याला द्यावं, तर तो वाचण्याची शक्यताही सर्वांत कमी असू शकते. वाचण्याची शक्यता जास्त त्याला द्यावं, हे बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शनांत आढळतं. तिथेही एक मेख आहे. आयुष्यभर अर्धपोटी काम केलेल्याचं, तंबाखूच्या धुळीत बसलेल्याचं शरीर आधीच खंगलेलं असतं, म्हणजे गरिबाचे गुण आधीच कापलेले. 'म्हातारं माणूस आहे, जगून झालंय' असं वय बघून ठरवणं मला तरी पटत नाही. ऐंशीचा माणूस पन्नाशीतल्या मधुमेह्यापेक्षा ठणठणीत असू शकतो.

यातून निर्दोष उत्तर निघत नाही. निघते ती पद्धत. निकष साथ यायच्या आधी लिहून जाहीर करावेत. निवड समितीनं करावी. उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या गळ्यात ती टाकू नये, कारण त्याचं काम समोरच्या पेशंटसाठी जीव तोडणं आहे, तुलना करणं नाही. आणि निकषांवर दोघे अगदी बरोबरीला आले तर चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठी ऐकून लोक दचकतात. पण चिठ्ठीला वशिला कळत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. नगरसेवकाचा फोन, मंत्रालयातली ओळख, संस्थाचालकांचा भाचा, हेच निकष प्रत्यक्षात चालणार असतील तर त्यापेक्षा चिठ्ठी हजार पटीनं नीतीची. त्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी लोक रात्र-रात्र रांगेत होते. त्या औषधानं मृत्यू टळतात असा पुरावा तेव्हा नव्हता, हे जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं. टंचाईची वाटणी करण्याआधी टंचाई कशाची आहे हे लोकांना खरं सांगणं, हाही नीतीचाच भाग.

लशीच्या क्रमातही असाच पेच होता. भारतानं १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात केली, मग साठीच्या वरचे, मग पंचेचाळीस, मग १ मेपासून अठरा. जीव वाचवायचे तर ज्याला धोका जास्त त्याला आधी. इंडोनेशियानं सुरुवातीला कामावर जाणाऱ्या वयाला प्राधान्य दिलं: फैलाव तेच करतात असा विचार, आणि हाताशी असलेल्या लशीची ज्येष्ठांवरची माहितीही तेव्हा अपुरी होती. दोन्हीमागे तर्क आहे. अठराच्या वरच्यांसाठी आधी मोबाईलवर नोंदणी, ओटीपी, मग स्लॉट, यामागे कसला तर्क होता हे मात्र मला आजवर उमगलेलं नाही. अनेक जिल्ह्यांत शहरातली मुलं गाडी काढून खेड्यातल्या केंद्रावर लस घेऊन आली, आणि गावातली मुलं बाहेर उभी राहून बघत होती.

समाईक म्हणताना समाईक कुणापर्यंत, हाही प्रश्न उरतो. इंडीचा पेशंट आपला की कर्नाटकाचा? विषाणूनं काही सीमा विचारली नाही. श्रीमंत देशांनी लशी आधीच बुक करून ठेवल्या, गरीब देश थांबून राहिले, आणि २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन सगळ्यांच्या दारात आला. लशींवरचे पेटंट हक्क साथीपुरते बाजूला ठेवा, अशी मागणी भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं ऑक्टोबर २०२० मध्ये केली. जून २०२२ मध्ये त्यातलं थोडंसं मान्य झालं, तोवर गरज सरत आली होती.

राहता राहिल्या आशा सेविका. त्यांच्याबद्दल बोलण्याआधी एक जुनं नाव. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच, १९१० चा जन्म. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. साथ आली की भाषणात त्यांचं नाव हमखास येतं आणि पाठोपाठ 'सेवा', 'समर्पण' हे शब्द. पण कोटणीसांनी तो मार्ग स्वतः निवडला होता. आशांना घरोघर सर्व्हेला पाठवलं, तेव्हा त्यांना तसं निवडू दिलं नव्हतं. हातात पगार नाही, मानधन. मास्क, सॅनिटायझर पुरेसे मिळत नाहीत ही तक्रार त्यांनी पहिल्या दिवसापासून केली. २२ मार्च २०२० ला त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या, आणि जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांनी संप केला, तेव्हा 'साथीत संप कसला?' म्हणून कपाळाला आठ्याही पडल्या. मला तो संप अनैतिक वाटत नाही. वर्षभर धोका अंगावर घेऊनही कामाचा रास्त मोबदला मागायला ज्यांना रस्त्यावर यावं लागतं, त्यांनी समाईक हिताचा आपला वाटा केव्हाच भरलेला होता. थकबाकी दुसऱ्या बाजूची होती, आणि मानधनवाढ मान्य झाल्यावर संप मिटला तेव्हाही ती पूर्ण फिटली नव्हती.